पाण्यात धरणारे टायर

आमच्या घरात माणसं तीन होती आणि गाडीत जागा दोन. मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेल्या मुलीला हा हिशेब यायला हरकत नव्हती. पण मला तो एकोणिसाव्या वर्षापर्यंत आला नाही. आला तेव्हाही मी स्वतःहून केलेला नव्हता, तो मला करून दाखवावा लागला.

बाबा नाशकात डॉक्टर होते. दवाखाना गावात रविवार कारंजाजवळ आणि घर गंगापूर रोडला. तेव्हा तिकडे बंगले थोडे आणि द्राक्षांचे मळे जास्त होते. ही गाडी बाबांनी घेतलेली नव्हती, ती त्यांच्याकडे चालत आली होती. देवळालीचे एक म्हातारे पारशी गृहस्थ त्यांचे बऱ्याच वर्षांचे पेशंट. ते मुलाकडे परदेशी कायमचे जायला निघाले तेव्हा म्हणाले, डॉक्टर, ही कोणा भलत्याच्या हातात गेली तर मला झोप यायची नाही, आणि किल्ली बाबांच्या टेबलावर ठेवून गेले. गाडी विलायती, गडद हिरवी, टप मागे दुमडता येणारं. बॉनेट इतकं लांब की आमच्या फाटकातून ते आधी रस्त्यावर जायचं आणि बाबा बऱ्याच वेळाने. चाकांना सायकलसारख्या तारा. वेगाच्या काट्यावरचा शेवटचा आकडा एकशे चाळीस, आणि तोही मैलांतला. सत्तरच्या दशकातल्या नाशकात एवढ्या वेगाने जाता येईल असा रस्ता नव्हता आणि तेवढी घाई असलेला माणूसही नव्हता.

बाबा ती गाडी टांग्यासारखी हाकायचे. सायकलवाल्याला वाट द्यायचे, कोपऱ्यावर थांबायचे, म्हैस आडवी आली तर ती पूर्ण पलीकडे जाऊन चरायला लागेपर्यंत वाट बघायचे. गाडी आली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि पहिल्या दिवसापासून बाबांच्या शेजारची जागा माझी. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं धरणापर्यंत जाऊन यायचो. बाबा, जोरात ना, हा माझा धोशा आणि रस्ता आपल्या एकट्याचा नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मैत्रिणी चिडवायच्या की तुझे बाबा वाघाला दोरी बांधून फिरवतात. त्यांच्यापुढे मी बाबांची बाजू घ्यायचे आणि गाडीत बसले की मैत्रिणींची.

आई बसायची नाही. "मला नको बाई, मला वारं सोसत नाही," असं म्हणायची आणि फाटकाशी उभी राहून आम्ही वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहायची. सुरुवातीला बाबा तिला दर वेळी विचारायचे. ती दर वेळी वाऱ्याचं कारण सांगायची आणि लेकीला न्या म्हणायची. पुढे हे विचारणं बंद झालं. त्यात माझाही हातभार होता, कारण बाबा विचारेपर्यंत मी दार उघडून आत बसलेली असायचे. नात्यातल्या बायका गाडीला आईची सवत म्हणायच्या. आई हसायची आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरायची.

आता टायरांचं. गाडी आली तेव्हाच टायर अर्धे झिजलेले होते, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत त्यांचा पार गोटा झाला. म्हणजे वरची नक्षी सगळी गेली आणि रबर गुळगुळीत राहिलं. परदेशी माल आणायला तेव्हा बंदीच होती. इथे मिळायचे ते टॅक्सीचे, ट्रकचे नाहीतर ट्रॅक्टरचे. टॅक्सीचा टायर त्या चाकावर कसाबसा बसलाही असता, पण बाबांना ते मान्य नव्हतं. एवढ्या ताकदीच्या इंजिनाखाली तसला टायर म्हणजे पेशंटला भलत्याच गटाचं रक्त देणं, असं ते म्हणायचे. चांगले मिळेपर्यंत हळू चालवू, एवढ्यावर त्यांनी दिवस ढकलले. आणि ते हळूच चालवत होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. जुलैमध्ये झाडं लावायच्या शिबिरासाठी आम्ही मुली आठ-दहा दिवस हरसूलला गेलो. डोंगर उतारावर चिखलात खड्डे खणून हाताला फोड आले होते आणि ते घरी कधी दाखवते असं मला झालं होतं. परत आले तर दारात गाडी नव्हती आणि आत आई उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घालून बसली होती. बाबा तिच्या ताटातली भाकरी आमटीत कुस्करत होते. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "माझी चूक. टायरांचा गोटा झालाय हे माहीत असून मी ओल्या रस्त्यावर गाडी काढली."

झालं होतं ते असं. संध्याकाळी दोघं धरणावर गेली होती. येताना पावसाची सर नुकतीच पडून गेलेली. एका वळणावर गाडी घसरली, स्वतःभोवती फिरली आणि मळ्याच्या बांधावर जाऊन आदळली. आईचं मनगट मोडलं. बाबांना खरचटलंसुद्धा नाही, आणि ही गोष्ट आमच्या सगळ्या ओळखीपाळखीच्यांनी नीट लक्षात ठेवली.

माझी चूक, हे वाक्य बाबा प्रत्येकाला सांगायचे. समाचाराला आलेल्यांना, कंपाउंडरला, दूधवाल्याला. शब्द तेच आणि सांगण्याची पद्धतही तीच. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे चहा झालाय, पेशंट आलाय, एवढंच बोलायचं. आईची वेणी मी घालायचे. कणीक बाबा मळायचे आणि तिच्यात हमखास पाणी जास्त व्हायचं. ती चिकट कणीक बघून मी त्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकायचे. त्या जागेवर मी असायला हवी होते, हात मोडायचा तर माझा मोडायला हवा होता, असंही मला सारखं वाटायचं. ते वाटणं सहन व्हायचं नाही, म्हणून त्याचाही राग मी बाबांवरच काढायचे.

एकोणिसाव्या वर्षी न्यायाधीश होणं फार सोपं असतं. म्हैस चरायला लागेपर्यंत थांबणारा हा माणूस गाडी गरकन फिरेल इतक्या वेगात कसा होता, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. निकाल आधीच लागलेला होता.

आईचं वागणं मात्र मला कळत नव्हतं. कोणी बाबांना बोलायला लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची, एका हाताने आधण ठेवायची आणि कपबश्या वाजवत राहायची. बाबा घास भरवायला गेले तर मान फिरवायची. बायका म्हणायच्या, बघा कशी सोसते बिचारी. मीही तेच म्हणायचे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायचे. तो हात ती हळूच बाजूला करायची.

गणपतीच्या आधी नांदगावहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ, कांद्याचा व्यापारी. आवाज लिलावात कमावलेला. बहिणीचा हात बघून आधी त्याचे डोळे भरले आणि मग आवाज चढला.

"दाजी, लय झालं आता. आज ताईचा हात मोडला, उद्या जीव जाईल. ही गाडी हाय का यमाचा रेडा? विकून टाका."

मुंबईचं एक गिऱ्हाईक त्या गाडीच्या मागे होतंच, हे मामालाही ठाऊक होतं. बाबांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. मग ते म्हणाले की मी तिला नवे टायर घालतो, चांगल्यातले चांगले. दसऱ्याच्या दिवशी ही त्या गाडीत माझ्या शेजारी बसली तर गाडी राहील. नाही बसली तर दुसऱ्या दिवशी मुंबईवाल्याला बोलावतो आणि पुन्हा गाडीचं नाव काढत नाही. मामा आईकडे वळला. आई काहीच बोलली नाही, पेन्सिल घालून प्लास्टरच्या आत खाजवत राहिली. त्याचा अर्थ नाही असाच होतो, याबद्दल मामाचं आणि माझं एकमत झालं.

त्या दिवसापासून बाबांनी टायरांचा ध्यास घेतला. चेपलेला पत्रा गॅरेजवाल्याने ठोकून सरळ केला, तारा ओढून चाकं नीट केली, पण टायर ठोकून सरळ होत नाहीत. आग्रा रोडवर टायरचं एक मोठं दुकान होतं, तिथे आम्ही आधी गेलो. आम्ही म्हणजे बाबा आणि मी. मला जायचं नव्हतं. पण आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना एकटं सोडू नकोस, आणि तिचा स्वर असा होता की मी निमूट चपला घातल्या.

दुकानाचा मालक गप्पिष्ट होता. त्याने टॅक्सीचे टायर दाखवले, मग जुन्यावर नवं रबर चढवलेले दाखवले. बाबांनी नमुन्याला आणलेला आमचा जुना टायर हातात फिरवत तो म्हणाला, हा मला देऊन टाका डॉक्टरसाहेब, हातगाडीला झकास लागेल. आणि तुमच्या गाडीला टॅक्सीचेच घाला, नाशकात तुम्ही पळवणार कुठे? दुकानात बसलेले ट्रकवाले हसले. मलाही हसू आलं होतं. बाबा म्हणाले, पळवायचं नाही, पण टायरने पाण्यातही रस्ता धरला पाहिजे. मालक म्हणाला, टायर तो टायर, पाण्यात काय आणि उन्हात काय. बाबांनी नमस्कार केला आणि जुना टायर काखेत मारून बाहेर पडले.

मग ओळखीतून ओळख काढत मुंबईच्या एका बोहरी दुकानदाराचा पत्ता लागला. वकिलातीतली परदेशी माणसं आपल्या गाड्यांसाठी टायर मागवायची आणि बदली झाली की ते इथेच सोडून जायची. तसा माल त्याच्याकडे यायचा. आम्ही सकाळच्या आगगाडीने निघालो. इगतपुरीला बाबांनी मला बटाटेवडा घेऊन दिला. मी तो खिडकीबाहेर बघत खाल्ला.

आमच्या मापाचे दोन संच त्याच्याकडे निघाले, पाच-पाच टायरांचे. पहिला संच बघून मी सुद्धा राग विसरले. काळाभोर, तुळतुळीत, कडेला उठावाची अक्षरं. दीडशे मैलांच्या वेगालाही हा टायर तापून फुटायचा नाही, साहेब, तुमच्या गाडीचा खरा जोडा हाच, असं दुकानदार त्यावर थाप मारत सांगत होता. दुसरा संच दिसायला मातकट, वेगाची हमी बरीच कमी. त्याच्याकडे त्याने नुसतं बोट दाखवलं.

बाबांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि दोन्ही टायर पेशंट तपासावेत तसे तपासायला घेतले. अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघितलं. छातीवर बोटं ठोकून ऐकतात तसं ठोकून ऐकलं. वास घेतला. मी त्यांच्याशी बोलत नाही हे विसरून ते मला समजावून सांगत होते. पहिला टायर गोदामात बरीच वर्षं पडून आहे. न वापरताही रबर म्हातारं होतं, वरून तरुण दिसतं एवढंच. नख रुतत नाही म्हणजे तो कडक झालाय, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. शिवाय त्याची नक्षी उथळ आहे, कोरड्या गुळगुळीत रस्त्यासाठी केलेली. दुसऱ्याला बघ, कशा बारीक चिरा आहेत. चाकाखालचं पाणी त्यातून बाजूला निघून जातं. हा लवकर झिजेल, पण झिजेपर्यंत धरेल.

मी ठीक आहे म्हटलं. बाबांचं तेवढ्याने भागलं नाही. त्यांनी बादलीभर पाणी मागवलं आणि दुकानापुढच्या शाहाबादी फरशीवर ओतलं. मग पँटचे पाय दुमडून, आधी पहिला आणि मग दुसरा टायर आडवा दाबून धरून, सगळं वजन टाकून तो ओल्या फरशीवर ओढून बघायला लागले. पहिला सरकला. दुसरा अडखळला. पुन्हा पाणी, पुन्हा ओढणं. दुकानदार हसत होता, येणारेजाणारे थांबत होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला माझा बाप भर बाजारात गुडघ्यावर बसून टायर ओढत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "हे आईला गाडीत बसवायच्या आधी केलं असतं तर?"

बाबा थांबले. टायर खाली ठेवला, रुमालाने एकेक बोट पुसलं. "हो," ते म्हणाले, "आधीच करायला हवं होतं."

त्यानंतर दुकानदाराला त्यांनी दुसरा संच बांधायला सांगितला. पाचच्या पाच, स्टेपनीसकट, कारण एक टायर एका जातीचा आणि दुसरा दुसऱ्या जातीचा असला की गाडी वळणावर गोंधळते. तारांच्या चाकातून हवा निसटते म्हणून आत ट्यूबही घेतल्या. हे सगळं ते हलक्या आवाजात बोलत होते आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या गुडघ्यांवर ओले काळे डाग पडले होते. ते डाग मला आजही दिसतात, आणि बाकी आयुष्यात मी कोणाला काय काय टाकून बोलले ते सगळं एकीकडे आणि ते वाक्य एकीकडे.

टायर रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून नाशिक रोडला आले आणि तिथून टांग्यात. एकशे चाळीस मैलांच्या गाडीचे टायर घोडा ओढत होता. एरवी मी यावर बाबांची आठवडाभर टर उडवली असती. त्या दिवशी दोन टायर पोटाशी धरून बसले.

आई दारातच होती. टायर ओट्यावर ठेवताच ती खाली बसली आणि डाव्या हाताचं बोट त्या चिरांमधून फिरवायला लागली. बराच वेळ फिरवत होती. मग तिने विचारलं, हे पाण्यात धरतील ना? बाबा म्हणाले, धरतील. तिने आणखी विचारलं, आणि कोरड्यात किती जोरात चालतील? बाबांनी एकदम मान वर करून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं भीतीने विचारतेय. मी म्हटलं, आई, तू घाबरू नकोस, तुला कोणी जबरदस्ती करणार नाही. ती उठून आत गेली.

नव्या टायरांवर साच्याचं तेलकटपण असतं. ते उडेपर्यंत काही दिवस जपून चालवावं लागतं. त्यासाठी बाबा रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी एकटेच गाडी घेऊन जायचे. पहिल्या रविवारी मी सवयीने दार उघडायला गेले तर ते म्हणाले, तू नको, आधी मी बघतो. शेजारची जागा रिकामी घेऊन ते निघून गेले. सरी येऊन गेल्या की मुद्दाम जायचे, त्या वळणावर पुन्हा पुन्हा जायचे, असं नंतर मळ्यातल्या माणसांनी सांगितलं. मी मात्र त्या रविवारी फुरंगटून बसले. मला जागेचं पडलं होतं.

दसऱ्याला मामा सकाळीच आला. सोनं द्यायला म्हणून आला, पण खरं म्हणजे निकाल बघायला. गाडी धुऊन लख्ख केलेली, बॉनेटवर झेंडूची माळ, चारी चाकांखाली एकेक लिंबू. मी नारळ आणून ठेवला होता. आई तबक घेऊन आली. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट थोडं वाकडं जुळलं होतं आणि बोटांत अजून जोर नव्हता. तरी तबक तिने डाव्या हातात धरलं आणि कुंकू उजव्याच हाताने लावलं. आधी बॉनेटला. मग पदर खोचून, वाकून, चारी टायरांना. टायरांना कोणी कुंकू लावत नाही. तिने लावलं, आणि प्रत्येक टायरपाशी थोडी थांबली. मग गाडीला ओवाळलं.

बाबांनी नारळ फोडला आणि शेजारच्या जागेचं दार उघडून धरून उभे राहिले. आईने त्या उघड्या दाराकडे बघितलं, तबक सावरलं आणि घरात निघून गेली.

मामाने घसा साफ केला. "बघा दाजी, मी म्हणलो नव्हतो? ती बोलत नाय, पण तिच्या मनात भीती बसली. तुमच्या हौसेपायी माझ्या बहिणीनं किती सोसायचं?" बाबांनी दार हळूच लावलं. मुंबईवाल्याला आजच निरोप पाठवतो म्हणाले. आणि मग सवयीने ते वाक्य सुरू केलं, "माझी चूक..."

ते वाक्य पुरं व्हायच्या आत आई बाहेर आली. तबक आत ठेवून यायला लागतो तेवढाच वेळ तिला लागला होता. ती आमच्याशी नाही, मामाशी बोलली.

"त्यांना बोलू नकोस. त्या दिवशी ते नको म्हणत होते. टायर गेलेत, रस्ता ओला आहे, म्हणाले. मी म्हटलं, एकदा तरी जोरात घ्या. मग घेतली. मी म्हटलं, अजून."

बाबा म्हणाले, "अगं, राहू दे."

"राहू दे, राहू दे करत दसरा आला. लोक तुम्हाला बोलत होते आणि मी आत जाऊन चहा करत होते. मला लाज वाटत होती." ती थांबली, आणि मग हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला ते फार आवडलं होतं. हात मोडला तेव्हा दुखायच्या आधी मनात काय आलं सांगू? आता मला पुन्हा कोणी बसू देणार नाही."

मामा टोपी काढून तिच्यात बघत राहिला. बाबा गाडीच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होते. माझ्या डोक्यात तो ओला शाहाबाद, ते गुडघे आणि माझं ते वाक्य, सगळं एकदम आलं. त्या वेळी बाबा मला एका शब्दात गप्प करू शकले असते. तिनेच सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते त्यांनी माझ्यापाशीही म्हटलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट मनात आली, ती सांगायलाही मला अवघड जातं. मी सात वर्षं दर रविवारी जोरात ना, जोरात ना करत होते. माझं त्यांनी कधी ऐकलं नाही. तिचं ऐकलं.

आईने स्वतःच दार उघडलं आणि आत बसली. साडी गोळा करून मांडीवर घेतली. बाबा लगबगीने पलीकडून बसले. मला काहीतरी करायला हवं होतं, माझ्या हातून तिच्यासाठी काहीतरी व्हायला हवं होतं. मी धावत आत गेले आणि माझा लोकरीचा मफलर घेऊन आले. "आई, कानाला बांध, वारं लागेल," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अगदी मायेने बघितलं, आणि ते जास्त वाईट होतं. "मला वारं कधीच लागत नव्हतं गं," ती म्हणाली.

माणसं तीन आणि जागा दोन. आता मला तो हिशेब आला. एवढ्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेली एकुलती एक संध्याकाळ मी हरसूलला होते म्हणून आली होती. सगळा वेग तिला त्या एका फेरीत मागून घ्यावा लागला, कारण बाकीच्या सगळ्या रविवारी तिची जागा भरलेली होती. मला अपराधी वाटतं म्हटलं की आता घरातली मुलं हसतात, म्हणतात, तू तर लहान होतीस. होते. पण दार उघडून आधी बसायचं एवढं मला कळत होतं.

बाबांनी गाडी सुरू केली. चाकांखालची लिंबं फुटली. आधी बॉनेट फाटकाबाहेर गेलं आणि मग ती दोघं, नेहमीच्याच चालीने, म्हैस आली तर थांबतील अशी. रस्ता कोरडा होता. थोडं पुढे गेल्यावर इंजिनाचा आवाज बदलला आणि चढत गेला. तसा आवाज मी सात वर्षांत कधी ऐकला नव्हता. मामा म्हणाला, ताईच म्हणाली असंल. मी मफलर हातात धरून फाटकाशी उभी होते, आई उभी राहायची त्याच जागी. तिथून गाडी वळणापर्यंत दिसते आणि मग दिसत नाही, नुसता आवाज बराच वेळ येत राहतो.